‘अंगावर दूध नाही’ म्हणण्याआधी

“दूध मनावर असतं गं. तू शांत राहा, आपोआप येईल.” हे वाक्य मी वस्तीतल्या किती बाळंतिणींना ऐकवलं असेल, मोजदाद नाही. एम.एस.डब्ल्यू. करताना शिकले, पुढे दहा वर्षं बैठकांमधून सांगत राहिले. वाक्य चुकीचं नाही. पण ते कुणाला सांगतो आहोत आणि काय न पाहता सांगतो आहोत, याचा विचार मी केला नव्हता.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. बावीस वर्षांची पहिलटकरीण, मुलगी एकोणीस दिवसांची. मूल तासन्‌तास छातीशी, तरी भुकेलं. पाजायला घेतलं की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. दोन्ही स्तनाग्रांना चिरा पडल्या होत्या. सासूबाईंनी हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, सगळं करून पाहिलं आणि मग निकाल दिला, “हिच्या अंगावर दूधच नाही. हिच्या आईलाही नव्हतं.” नवऱ्याने मजुरीच्या पैशांतून पावडरचा डबा आणला. मी गेले आणि माझं नेहमीचं वाक्य म्हटलं. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “ताई, मी मन लावूनच पाजते.”

वजन वाढेना म्हणून तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या सिस्टरने भाषण दिलं नाही. “पाज, मला बघू दे,” म्हणाली आणि खरंच बघत बसली. मग हात धुऊन बाळाच्या तोंडात बोट घातलं, जीभ उचलून मला दाखवली. जिभेखालचा पडदा पार टोकापर्यंत चिकटलेला. बाळ रडलं की जिभेचं टोक मध्ये ओढलं जाऊन बदामासारखं दिसायचं. जीभ हिरडीच्या पुढे येतच नव्हती. डॉक्टरांनी बोथट टोकाच्या कात्रीने तो पडदा सोडवला. रक्ताचे दोन-चार थेंब, टाका नाही, बाळ लगेच आईच्या पदराखाली. काही वेळाने ती हळूच म्हणाली, “आता चावल्यासारखं होत नाही.”

मला आनंद झाला, पण त्याहून जास्त शरम वाटली. एकोणीस दिवस घरात आणि घराबाहेर सगळ्यांनी त्या बाईच्या शरीराची, मनाची, आहाराची, माहेराचीसुद्धा उलटतपासणी केली होती. त्यात मीही होते. बाळाच्या तोंडात कुणी पाहिलं नव्हतं.

जिभेखाली असा पडदा आपल्या सगळ्यांनाच असतो. आरशापुढे जीभ वर करून पाहा. काही बाळांमध्ये तो इतका आखूड किंवा जाड असतो की जीभ पुढे काढता येत नाही, वर उचलता येत नाही. याला टंग-टाय म्हणतात. अंगावर पिताना बाळाची जीभ खालच्या हिरडीवर पसरून स्तनाचा बराचसा भाग तोंडात धरते. ते जमलं नाही की बाळ नुसतं स्तनाग्र चावतं. आईला चिरा पडतात, दूध पुरतं ओढलं जात नाही, आणि दूध ओढलं गेलं नाही की ते तयार होणंही कमी होतं. म्हणजे घरच्यांचा ‘दूध नाही’ हा निकाल काही दिवसांनी खरा ठरतो! डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे. पण घरातला हा निकालच डब्याची सगळ्यात मोठी जाहिरात असतो.

इथवर वाचून कुणी म्हणेल, मग प्रत्येक बाळाचा पडदा कापून टाका. तेही मला मान्य नाही. पडदा दिसतो म्हणून तो त्रासाचं कारण असतोच असं नाही. या विषयावरच्या चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१७ मध्ये घेतला. त्यात ५ चाचण्या आणि मिळून ३०२ बाळं. पडदा सोडवल्यावर आईचं दुखणं थोड्या काळापुरतं कमी झालेलं दिसलं. अंगावर पिणं सुधारतंच असं मात्र ठामपणे म्हणता आलं नाही. ‘आईचं दुखणं कमी झालं’ हा मला काही किरकोळ फायदा वाटत नाही. पण बाळाला नीट कसं धरायचं, कसं लावायचं हे दाखवल्यावर पुष्कळ अडचणी कात्रीशिवाय सुटतात, हेही तितकंच खरं. ब्राझीलमध्ये २०१४ च्या कायद्याने प्रत्येक नवजात बाळाची जीभ तपासणं सक्तीचं केलं. तपासावं जरूर, पण तपासणारीला पाजणंही पाहता यायला हवं.

माझ्या एका मैत्रिणीचा अनुभव वस्तीच्या अगदी उलट आहे. तिच्या बाळाला एका खाजगी दवाखान्यात जीभ, वरचा ओठ आणि दोन्ही गाल, सगळीकडे ‘टाय’ आहे असं सांगितलं. आत्ता लेझरने कापलं नाही तर बोलणं बिघडेल, दातांत फट पडेल, झोपेत श्वास अडकेल. तिचं पाजणं कुणी पाहिलंच नव्हतं. बिल तिच्या महिन्याच्या पगाराएवढं. वर जखम पुन्हा जुळू नये म्हणून दिवसातून अनेकदा ती बोटाने चोळायची. बाळ तोंडाजवळ काही आणलं की किंचाळायचं, अंगावर घ्यायचं बंद झालं. ती रडत म्हणाली, “मीच घाई केली.” पुन्हा तीच दोषी!

वरच्या ओठाखालचा पडदा जवळजवळ प्रत्येक तान्ह्या बाळाला असतो. दुधाच्या दातांतली फट पुष्कळदा पक्के सुळे येईपर्यंत आपोआप भरते. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये सांगितलं, की गालाचे पडदे कापू नयेत आणि टंग-टायमुळे झोपेत श्वास अडकत नाही. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२४ च्या अहवालाचा रोखही सावधपणाकडेच आहे. जखम चोळण्याच्या व्यायामाचा फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. भीतीचं मात्र बिल लावता येतं.

आता बोलण्याविषयी. मूल बोलत नाही, म्हणजे ‘जीभ जड आहे’, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मग वेखंड मधात उगाळून चाटवतात (एक वर्षाच्या आत मध देऊच नये), नाहीतर पडदा कापून आणतात. जीभ वर वळत नसेल तर र, ल, ळ उच्चारायला जड जाऊ शकतात, तेही काही मुलांनाच. पण त्यामुळे मूल मुकं राहत नाही. आमच्या केंद्रात एक चार वर्षांची मुलगी आली, जीभ आधीच कापून झालेली. दोन वर्षं घरचे वाट पाहत होते, आता बोलेल, मग बोलेल. तिला ऐकूच येत नव्हतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३ पासून नेमकं हेच काम करते आहे. पण तिथे पाठवावं असं कुणाला सुचलं नाही. आजी तर हसत म्हणाली, “पोरीची जात, कमी बोललेलीच बरी.” तिच्या भावाने दीड वर्षात ‘आई’ म्हटलं नसतं तर घर डोक्यावर घेतलं असतं, हे मला कुणी सांगायला नको. बाईच्या जिभेवर आपल्या भाषेत म्हणी ढीगभर. जीभ तपासायला वेळ नाही.

हे काम करायचं कुणी? आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी पहिल्या ४२ दिवसांत ६ वेळा जाते. ही योजना २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा या सगळ्या भेटींचे मिळून २५० रुपये ठरले. तेवढ्यात तिने वजन करायचं, ताप बघायचा, फॉर्म भरायचे. एक अख्खं पाजणं शेजारी बसून पाहायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे तिला द्यायला हवेत आणि बाळाची जीभ कशी पाहायची हे प्रशिक्षणात शिकवायला हवं. शंका आली तर पाठवायचं कुठे, तो दवाखाना, तो वार, तो डॉक्टर ठरलेला हवा. नाहीतर आणखी एक फॉर्म वाढेल.

आमच्या बैठकांमध्ये मी आता ते जुनं वाक्य म्हणत नाही. “कसं दुखतं? सोडलं की स्तनाग्र चपटं होतं का? पाजताना टचटच आवाज येतो का?” एवढं विचारते आणि बसून पाहते. त्या बावीस वर्षांच्या मुलीची लेक आता घरभर बोलत फिरते. परवा गेले होते तेव्हा सासूबाई शेजारणीला सांगत होत्या, “आमच्या सुनेला दूध जरा उशिरा आलं.”