लोणचे म्हणजे आंबवलेली भाजी नव्हे

‘आतड्यातले चांगले जिवाणू’ हा विषय आता डॉक्टरांपुरता राहिलेला नाही. मोबाइलवरच्या चित्रफितींपासून दुकानातल्या फळीपर्यंत तो पोहोचला आहे. शहरांतल्या बड्या दुकानांत किमचीच्या छोट्या बरण्या महाग विकल्या जातात. ज्यांना त्या परवडत नाहीत, ते ‘आपल्याकडे लोणचे आहेच की’ म्हणत पानात एक फोड जास्त घेतात. पहिल्याचा खिसा हलका होतो, दुसऱ्याच्या पोटात मीठ जास्त जाते. दोन्हीकडे गफलत एकच, आंबवणे म्हणजे नेमके काय हे पाहिलेले नसते.

भाजी आंबवण्याची रीत जुनी आणि सोपी आहे. कोबी, गाजर किंवा मुळा चिरून वजनाच्या दोन-तीन टक्के मीठ लावायचे आणि भाजी खाऱ्या पाण्यात पूर्ण बुडवून ठेवायची. अशा पाण्यात, हवेशिवाय, भाजी सडवणारे जिवाणू मागे पडतात आणि लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू वाढतात. हे जिवाणू भाजीवर मुळातच असतात, विरजण लावावे लागत नाही. भाजीतली साखर वापरून ते आम्ल बनवतात आणि त्या आम्लामुळेच भाजी टिकते. कोरियाची किमची, जर्मनीची सावरक्राउट आणि उत्तर भारतातली काळ्या गाजराची कांजी या साऱ्यांमागे हेच काम चालते.

आपले कैरीचे लोणचे वेगळ्या वाटेने टिकते. त्यातला आंबटपणा कैरीचाच असतो. जोडीला भरपूर मीठ, मोहरी आणि वर तेलाचा थर. इतक्या मिठात लॅक्टिक जिवाणूंनाही फारसे वाढता येत नाही. लोणचे ‘मुरते’ ते मुख्यतः मीठ-मसाला फोडीत शिरल्यामुळे. बाजारातल्या अनेक बाटल्यांत तर व्हिनेगर किंवा सोडियम बेंझोएट घातलेले असते, तेही जिवाणू वाढू नयेत म्हणूनच. लोणचे वाईट नाही. ते तोंडी लावणे आहे, तेवढाच मान त्याला द्यावा.

मग खरोखर आंबवलेल्या भाजीचा फायदा किती? २०२१ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ३६ निरोगी प्रौढांचे दोन गट करून एकाला १० आठवडे आंबवलेले पदार्थ भरपूर दिले, तर दुसऱ्याला तंतुमय पदार्थ. आंबवलेले खाणाऱ्यांच्या आतड्यातली जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाह दाखवणारी १९ प्रथिने कमी झाली. निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे, पण तो नीट वाचायला हवा. त्या आहारात भाजीबरोबर दही, केफिर आणि कोंबुचाही होते. माणसे दिवसाला सरासरी सहा वाट्यांच्या आसपास असे पदार्थ खात होती. शिवाय ती निरोगी होती आणि संख्येने थोडी. आठवड्यातून दोनदा चमचाभर किमची खाणाऱ्याला हाच निष्कर्ष लागू पडत नाही.

दुसरा अभ्यास नॉर्वेतला, २०१८ सालचा. पोट वारंवार दुखणे, फुगणे, शौचाची घडी बिघडणे अशा ‘आयबीएस’च्या रुग्णांना सहा आठवडे रोज सावरक्राउट दिली. एका गटाची सावरक्राउट जिवंत जिवाणूंची होती, दुसऱ्याची उष्णता देऊन जिवाणू मारलेली. दोन्ही गटांचा त्रास कमी झाला. म्हणजे श्रेय केवळ जिवंत जिवाणूंना देता येत नाही. कोबीतले तंतू, आंबवताना तयार झालेली द्रव्ये आणि ‘उपचार चालू आहे’ हा विश्वास, यांचाही वाटा असू शकतो. हा अभ्यासही लहानच होता.

मिठाचा हिशेब मात्र पक्का आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. दोन टक्के मिठात आंबवलेले ५० ग्रॅम गाजर खाल्ले तर १ ग्रॅम मीठ पोटात जाते. दहा टक्के मिठाच्या लोणच्याची २० ग्रॅमची फोड खाल्ली तर २ ग्रॅम. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना हा आकडा क्षुल्लक नाही. केमोथेरपी चालू असलेल्यांनी किंवा अवयवरोपण झालेल्यांनी तर कच्चे आंबवलेले पदार्थ डॉक्टरांना विचारूनच खावेत.

निरोगी माणसाने घरी थोडे गाजर किंवा कोबी आंबवून जेवणात दोन-तीन चमचे घ्यायला हरकत नाही. बरणी स्वच्छ असावी, भाजी पाण्याखाली राहावी, आणि रंगीत बुरशी दिसली तर वरचे काढून खालचे न खाता सगळेच टाकून द्यावे. ते आंबवलेले शिजवले तर जिवाणू मरतात, म्हणून खायचे ते न शिजवता. आणि ज्यांच्याकडे रोज ताजे दही विरजले जाते, त्यांच्या घरात जिवंत जिवाणू आधीच आहेत. आतड्यातल्या जिवाणूंना लागतो तो तंतुमय चारा, आणि तो डाळी, उसळी, भाकरी, पालेभाज्या आणि फळांत असतो. भाजी-फळे मिळून दिवसाला किमान ४०० ग्रॅम हवीत. अनेक घरांत कमतरता आहे ती इथे, बरणीत नव्हे.

बरणी विकणाऱ्यांकडूनही एक अपेक्षा ठेवायला हवी. आतला माल जिवंत आहे की उष्णता दिलेला, आणि त्यात मीठ किती, हे वेष्टनावर ठळक लिहिणे सक्तीचे असावे. ‘पचनाला उत्तम’ एवढ्या मोघम शब्दांवर ग्राहकाने पैसे का मोजावेत?

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. शौचावाटे रक्त जाणे, कारण नसताना वजन घटणे, रक्तक्षय होणे, शौचाच्या सवयी बदलून आठवडेच्या आठवडे तशाच राहणे, ही लक्षणे ‘आतड्याचे जिवाणू बिघडले’ म्हणून घरगुती उपायांवर काढायची नसतात. त्यामागे आतड्याचा कर्करोगही असू शकतो, आणि तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते. अशा वेळी कांजीचा पेला बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.