हिरव्या पानाची थाप

मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याच्या ग्राहकांनो, निवास-न्याहारीवाल्यांनो आणि सुट्टीला आलेल्या पाहुण्यांनो,

बाजारात हल्ली एक पातळ पिशवी मिळते. वर हिरवं पान छापलेलं, खाली 'मी प्लास्टिक नाही'. दुकानदार दोन पैसे जास्त सांगतो, आपण देतो आणि समुद्रावर उपकार केल्याच्या थाटात घरी येतो. त्या पिशवीवरची बारीक अक्षरं एकदा वाचा. तिथं 'कंपोस्टेबल' असं लिहिलेलं सापडेल. या पिशव्यांचं मानक आहे आयएस १७०८८. सुमारे ५८ अंश उष्णता टिकवणाऱ्या औद्योगिक खतप्रकल्पात पिशवी सहा महिन्यांच्या आत कुजावी, ही त्याची अपेक्षा. कर्लीच्या खाडीत ५८ अंश कुठून आणायचे? चिवल्याच्या लाटेत ही पिशवी इतर पिशव्यांसारखीच तरंगत राहते, आणि कासव काही प्रमाणपत्र वाचून तोंड उघडत नाही. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, हे तरी आपण विसरू नये.

कंपनी खोटं बोलली असं म्हणता येत नाही, हीच यातली लबाडी. प्रकल्पात खरी ठरणारी गोष्ट ती आपल्याला किनाऱ्यावर विकते. म्हणून दुकानात एकच विचारा: ''ह्यां कुजतां खंय आणि किती दिसांत?'' उत्तर आलं नाही, तर जादा पैसे कशाचे?

बाटलीच्या बुडाशी बाणांचा त्रिकोण असतो, त्यालाही असेच आपण भुलतो. त्यातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ती बाटली कुणी गोळा करून पुन्हा वापरणार आहे, असं वचन त्यात नाही. चहाच्या 'कागदी' कपाला आतून बहुधा प्लास्टिकचाच थर असतो.

आणि आता 'इको रिसॉर्ट'. पुळणीला लागून भिंत, खोलीत रोज प्लास्टिकच्या बाटल्या, सांडपाणी थेट वाळूत, छपराला मात्र बांबू! अशा पाट्या वाचणाऱ्यांनी वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत जाऊन यावं. तिथं स्वामिनी बचत गटाच्या महिला २०१७ पासून होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. इंजिन नाही, धूर नाही. त्यांचा दावा होडीत बसल्या बसल्या तपासता येतो.

परमुलखातला आंबा 'देवगड हापूस' म्हणून पेटीत भरला की आपण पेटून उठतो. देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेनं तर २०२५ च्या हंगामात फळाफळावर सांकेतिक क्रमांकाचं स्टिकर आणलं. आंब्याबाबत इतके संशयी असणारे आपण हिरव्या पानापुढे एवढे भोळे का होतो?

कायदाही आता ग्राहकाच्या बाजूनं आहे. १५ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा 'हिरव्या' दाव्यांविषयी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक' असं मोघम लिहून चालत नाही. नेमका खुलासा आणि पुरावा द्यावा लागतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात १० लाख रुपयांपर्यंत दंड आहे. पाकीटबंद 'ऑरगॅनिक' काजूवर 'जैविक भारत'चं चिन्ह शोधा. ओळखीच्या बागायतदाराकडून घेत असाल तर चिन्हाचं राहू दे, फवारणी कसली केली ते तोंडावर विचारा.

मग घ्यायचं काय? बहुतेक वेळा नवं काहीच नाही. मासळीला घरचा डबा न्या. हिरांची वाढवण, म्हणजे झाडू, झिजेपर्यंत वापरा. पंगतीला पोफळीच्या विरीच्या पत्रावळी आणा, पण त्याही प्लास्टिकमध्ये गुंडाळून दूरवरून आलेल्या नकोत. दर सत्काराला नवी कापडी पिशवी वाटणाऱ्या मंडळींनाही हात जोडून विनंती: पुरे! घरोघरी खुंटीवर त्यांचे गठ्ठे लोंबतायत. कापूस पिकवायलाही पाणी लागतं, आणि पिशवी वर्षानुवर्षं वापरली तरच ते भरून निघतं.

फसवा दावा दिसला तर बिल घ्या, वेष्टनाचा फोटो काढा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. तिथं मराठीत बोलता येतं.

आणि रिसॉर्टवाल्यांनो, येत्या हंगामाआधी पाटीवरचा 'इको' पुसून टाका, नाहीतर त्याच पाटीवर तुमचं सांडपाणी कुठं जातं ते ठळक अक्षरांत लिहा.