तपासाची किल्ली कोणाच्या हाती?

नागालँडच्या मोन जिल्ह्यात ओटिंग नावाचे खेडे आहे. ४ डिसेंबर २०२१ रोजी, शनिवारी, तेथील आठ मजूर कोळशाच्या खाणीतले आठवड्याचे काम आटोपून एका पिकअप गाडीतून घरी निघाले होते. दबा धरून बसलेल्या लष्कराच्या तुकडीने वाटेत त्या गाडीवर गोळ्या झाडल्या व सहा जण ठार झाले. पोरे घरी का आली नाहीत म्हणून गावकरी शोधास निघाले, तेव्हा त्यांची प्रेते लष्करी तुकडीच्या गाडीत गुंडाळून ठेवलेली आढळली. मग झटापट झाली. तीत आणखी सात गावकरी व एक जवान प्राणास मुकले. दुसऱ्या दिवशी मोन शहरात जमाव खवळला, तेथील गोळीबारात आणखी एक माणूस गेला. अशा रीतीने चौदा निरपराध माणसे मेली. त्यांपैकी कोणी बंडखोर नव्हता हे सरकारासही मान्य आहे.

६ डिसेंबर रोजी गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की, ओळखण्यात चूक झाली. गाडीस थांबण्याचा इशारा केला असता ती पळू लागली. वाचलेल्या मजुराचे म्हणणे निराळे पडले. त्याच्या सांगण्याप्रमाणे इशारा झालाच नाही. आता खरे कोणाचे? हे ठरविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे तपास. नागालँड पोलिसांनी खास पथक नेमून तो केला. नीट ओळख पटविल्यावाचून गोळ्या झाडल्या, नेमून दिलेली रीत पाळली नाही, असे पथकास आढळले. २०२२ साली एका मेजरसह तीस जणांवर दोषारोपपत्र दाखल झाले.

वाचक म्हणतील, मग न्याय झाला! नाही, बंधूंनो. येथेच दाराला कुलूप लागले. १९५८ च्या सशस्त्र दले विशेषाधिकार कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, केंद्र सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून शिपायावर वा अंमलदारावर खटला चालू शकत नाही. ती मंजुरी संरक्षण खात्याने २०२३ च्या फेब्रुवारीत नाकारली. मंजुरीच नाही, सबब १७ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फौजदारी प्रकरण बंद केले. पुढे मंजुरी मिळाली तर ते चालविता येईल एवढी वाट मात्र ठेवली. म्हणजे साक्षी झाल्या, कागद झाले, पंचनामे झाले, आणि खरे-खोटे न्यायाधीशापुढे ठरण्याची वेळ आली तेव्हा दार उघडले नाही.

आमच्या आजे-पणजांच्या वेळी गावचे दप्तर कुलकर्ण्याच्या घरी असे. त्यात खाडाखोड झाली तर रयतेने दाद कोठे मागावी? दप्तर उघडण्यास पुन्हा कुलकर्ण्याचीच मर्जी लागे. या सहाव्या कलमाची तऱ्हा तीच आहे. ज्याच्या माणसावर आरोप, त्याच धन्याच्या हाती किल्ली. १ जानेवारी २०१८ रोजी राज्यसभेत खात्याने दिलेली माहिती पाहावी: जम्मू-काश्मीर सरकारने खटल्यासाठी मागितलेल्या ५० मंजुऱ्यांपैकी ४७ नाकारल्या, ३ विचाराधीन. एकही दिली नाही! मानवी हक्क आयोगाकडे जावे तर १९९३ च्या कायद्यात तेथेही हीच अडचण. सैन्याविरुद्धच्या तक्रारीत आयोगाने केंद्र सरकारकडे अहवाल मागावा व शिफारस करावी. स्वतः चौकशी करू नये.

या कायद्याचे मूळही सांगितले पाहिजे. ‘चले जाव’ची चळवळ चिरडण्यासाठी इंग्रज व्हाइसरायने १५ ऑगस्ट १९४२ रोजी असलाच वटहुकूम काढला होता. तो इंग्रज गेला. त्याने रयतेसाठी घडविलेले कुलूप मात्र आम्ही जपून ठेवले.

कोणी म्हणेल, सीमेवर प्राण देणाऱ्या शिपायास तुम्ही कोर्टात खेचता काय? यास आमचे उत्तर आहे. पलटणीत जातात ती पोरे कोणाची? शेतकऱ्यांची, धनगरांची, महारांची, सुतार-लोहारांचीच. साताऱ्याजवळच्या एका गावास तर लोक अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखतात. आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी शिपायाची मनिऑर्डर येत असे व त्यावर चूल पेटत असे. म्हणूनच तपास व्हावा असे आम्ही म्हणतो. तपास झाला नाही तर दहा जणांचे पाप सबंध पलटणीच्या माथी बसते. तपास झाला तर निर्दोष शिपाई ताठ मानेने गावी येतो.

आणि सैन्यास तपास करताच येत नाही असेही नाही. १८ जुलै २०२० रोजी काश्मिरातील शोपियान जिल्ह्यात तीन ‘अतिरेकी’ मारल्याचे जाहीर झाले. वस्तुतः ते राजौरीहून पोटासाठी आलेले तीन तरुण मजूर होते. घरच्यांनी तक्रार केली, रक्ताच्या नात्याची डीएनए परीक्षा झाली, ओळख पटली, पुरलेली प्रेते उकरून आईबापांच्या स्वाधीन करण्यात आली. लष्कराच्या स्वतःच्या चौकशीतही अधिकाराबाहेर वर्तन झाल्याचे आढळले. लष्करी न्यायालयाने २०२३ साली एका कॅप्टनास जन्मठेप सुनावली. त्याच वर्षी लष्करी न्यायाधिकरणाने ती शिक्षा स्थगित करून त्यास जामीन दिला, हेही सांगणे प्राप्त आहे. तरी तपास मनात आणले तर होतो, एवढे यावरून सिद्ध आहे. उलट काश्मिरातच पथरीबल येथे २५ मार्च २००० रोजी मारलेल्या पाच जणांविषयी सीबीआयने २००६ मध्ये दोषारोपपत्र दिले असता, सैन्याने प्रकरण आपल्याकडे घेतले व २०१४ साली पुरावा नाही म्हणून मिटविले.

मणिपुरातील १,५२८ मृत्यूंची यादी घेऊन तेथील विधवा व माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २०१३ साली न्यायालयाने नेमलेल्या समितीने नमुन्यादाखल सहा प्रकरणे तपासली. सहाही चकमकी खोट्या निघाल्या. ८ जुलै २०१६ रोजी न्यायालयाने सांगितले की, गणवेशधाऱ्यास सरसकट माफी नाही. पुढच्या वर्षी सीबीआयकडे तपास सोपविला. बायांनी नेट धरला नसता तर त्या यादीकडे कोणी पाहिलेही नसते.

आमची मागणी थोडकी आहे. मंजुरी द्यावयाची की नाही हे ठराविक मुदतीत, कारणे लिहून सांगावे. आणि ती कारणे पुरेशी आहेत की नाहीत हे न्यायाधीशाने तपासावे. तपास आरोपीच्या खात्याबाहेरच्या माणसांनी करावा. २००५ साली न्यायमूर्ती जीवन रेड्डी यांच्या समितीने हा कायदाच रद्द करण्याची शिफारस केली होती, तिचाही विचार व्हावा.

वाचकांनीही इतके जाणून असावे: कोणासही धरून नेले तर चोवीस तासांत, वाटेचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटपुढे उभे केले पाहिजे. वरील कायद्याखाली सैन्याने धरलेला माणूसही शक्य तितक्या लवकर जवळच्या पोलीस ठाण्यात दिला पाहिजे. फिर्यादीची नक्कल फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नेल्याची वेळ, गाडीचा नंबर, पाहणाराचे नाव त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. ज्यांची पोरे पलटणीत आहेत त्यांनी तर आपल्या खासदारास हा प्रश्न सर्वांआधी विचारावा. ओटिंगच्या मजुरांच्या आयांचे गाऱ्हाणे शिपायाच्या आईने दिल्लीस नेले, तर तिला देशद्रोही म्हणण्याची कोणाची छाती होणार नाही.