बाइकचा गिअर लिव्हर घरीच बदलला, तर दंड होतो का? नेमका नियम काय?

'घरच्या घरी फॉरवर्ड कंट्रोल्स, खर्च फक्त काही शे रुपये!' असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये आलं असेल. लोखंडी पट्टी, एक रॉड, थोडं वेल्डिंग आणि क्रूझरसारखे पाय पुढे सोडून बाइक तयार. पण हे कायद्यात बसतं का? आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे, ते सुरक्षित आहे का?

मुळात बदलतं काय?

पायानं दाबायचा लिव्हर आणि इंजिनमधून बाहेर आलेला गिअरचा दांडा यांना काही बाइकमध्ये एक लिंक रॉड जोडतो, तर काहींमध्ये लिव्हर थेट दांड्यावरच बसतो. फूटरेस्ट पुढे नेलं की लिव्हरही पुढे न्यावा लागतो आणि रॉड लांबतो.

गंमत इथेच आहे. १० सेंटीमीटरचा लिव्हर १५ सेंटीमीटरचा केला, तर जोर कमी लागतो, पण पायाला दीडपट अंतर कापावं लागतं. बूट तेवढा हलला नाही, तर गिअर अर्धवट पडतो. ओव्हरटेक करताना असं झालं तर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी मात्र पुढे जात नाही. रॉडची जोडणी उलट्या बाजूनं झाली, तर गिअरचा क्रमही उलटा होतो. म्हणजे वरचा गिअर टाकायला जाल आणि खालचा पडेल.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकानं मुळात दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही केरळमधल्या एका प्रकरणात हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. बेकायदा बदल केल्यास प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग गिअर लिव्हर यात येतो का?

इथे उत्तर सरळ नाही. कायद्याच्या व्याख्येत 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेत असा फेरफार, ज्यामुळे त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आरसीवर इंजिन क्रमांक, रंग, इंधन असतं. लिव्हर किती लांब आहे हे नसतं. त्यामुळे कंपनीचाच दुसरा लिव्हर नट-बोल्टनं बसवणं आणि चासी कापून, वेल्डिंग करून नवा ब्रॅकेट बसवणं, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. दुसऱ्या प्रकारात तुम्ही थेट रचनेला हात घालता. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्या जागची चासी कमकुवतही होऊ शकते.

खरा धोका उजव्या पायाला

रीलमध्ये चर्चा गिअरची असते. पण डावं फूटरेस्ट पुढे गेलं की उजवंही जातं आणि मागच्या ब्रेकचा लिव्हर त्याच बाजूला असतो. गिअर चुकला तर बाइकचा वेग जातो. ब्रेकचा जोड सुटला तर माणूस जाऊ शकतो. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी न कळवलेल्या बदलावर बोट ठेवून दावा अडवू शकते.

हे पकडलं का जात नाही?

कारण ते ऐकू येत नाही. फटाके फोडणारा सायलेन्सर चौकातल्या पोलिसाला लांबूनच कळतो. कच्च्या वेल्डिंगचा ब्रेक लिव्हर कोणाच्याच लक्षात येत नाही. खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि एरवी त्या काळात नियमित फिटनेस तपासणी होत नाही. म्हणजे कारवाई होते ती जास्त त्रासदायक बदलांवर. जास्त धोकादायक बदल तसेच धावत राहतात.

पण ज्यांना खरंच गरज आहे त्यांचं काय?

प्रत्येक बदल शायनिंगसाठी नसतो. गुडघा वाकत नाही, डाव्या पायात ताकद नाही, अशा लोकांसाठी बदललेला कंट्रोल म्हणजे नोकरीला स्वतःच्या पायावर जाणं. २०१९ च्या दुरुस्तीनं अशा 'अनुकूलित वाहना'ला कायद्यात स्पष्ट जागा दिली आहे. त्यासाठी ठरलेल्या अटी पाळून आरटीओत नोंद करावी लागते.

थोडक्यात

लिव्हर वर-खाली ॲडजस्ट करायचा असेल, तर बहुतेक बाइकमध्ये ती सोय आधीच असते, मॅन्युअल बघा. पूर्ण सेटअप बदलायचा असेल, तर तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला बोल्ट-ऑन सेट घ्या, ब्रेक जाणकार मेकॅनिककडून तपासून घ्या आणि आरटीओ व विमा कंपनीला आधी विचारा. चासीला ग्राइंडर लावू नका.

रील ३० सेकंदांत संपतं. तो जोड मात्र पुढच्या प्रत्येक खड्ड्यात टिकायला हवा.