हातावरची फुली बघून घाबरलात?

मंडळी, गेल्या आठवड्यात आपल्या इकडच्या एका पालक-ग्रुपवर फोटो फिरला. कोणाचा तरी सोळा वर्षांचा मुलगा, काळा टी-शर्ट, घामाने निथळलेला, दोन्ही हातांच्या पाठीवर मार्करने काढलेली मोठ्ठी फुली. खाली प्रतिक्रिया: "नशा करतात हे." "कुठला तरी पंथ दिसतोय." "आई-वडील दोघंही नोकरीत, दुसरं काय होणार!" एका काकांनी तर त्याच्या आईला फोन करून समुपदेशकाचा नंबर दिला. फुलीचा अर्थ काय, हे मात्र शंभर जणांच्या ग्रुपमध्ये एकानेही विचारलं नाही.

तर ऐका. १९८० साली वॉशिंग्टनमधल्या शाळकरी पोरांचा 'टीन आयडल्स' नावाचा बँड कॅलिफोर्नियाला गेला होता. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबने या अल्पवयीन मुलांच्या हातावर फुल्या मारल्या. हेतू एवढाच, की फुली दिसली की बारवाल्याने दारू द्यायची नाही. परत आल्यावर पोरांनी इथल्या क्लबवाल्यांना सांगितलं, आम्हालाही फुली मारा पण गाणं ऐकायला आत सोडा. पुढे ज्यांचं वय झालं होतं तेही स्वतःहून फुली काढायला लागले, 'आम्ही पीत नाही' हे सांगायला. त्याच पोरांपैकी इयन मकाय याच्या 'मायनर थ्रेट' बँडने १९८१ मध्ये 'स्ट्रेट एज' नावाचं एक मिनिटही न भरणारं गाणं केलं. दारू नाही, ड्रग्ज नाही, असं राहणाऱ्यांना तेच नाव पडलं. आणि हे सगळं कुठे घडलं? तुम्ही-आम्ही रोज जिथे मेट्रोने नोकरीला जातो, त्याच गावात.

म्हणजे तो मुलगा हातावर लिहून फिरत होता की मी पिणार नाही, आणि आपण त्याला नशेडी ठरवलं.

आता आपल्याकडे बघू. दिवाळीचा कार्यक्रम शाळेच्या सभागृहात, तिथे दारूला बंदी. म्हणून मध्यंतरात पार्किंग लॉटमध्ये डिकी उघडते, प्लॅस्टिकच्या ग्लासात 'कोक' ओतला जातो, आणि पोरं खिडकीतून सगळं बघत असतात. (सगळीकडे असं होतं असं म्हणत नाहीये. पण ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.) त्याचा फोटो कधी ग्रुपवर आला नाही.

मी माझ्या लेकीबरोबर दोन महिन्यांपूर्वी अशा कार्यक्रमाला गेले होते. जागा म्हणजे एका चर्चचं तळघर. तिकीट बारा डॉलर, चार बँड, साडेदहाला सगळं बंद. दाराशी एका डब्यात फुकट इअरप्लग. कोपऱ्यात एक मुलगी व्हीगन सामोसे विकत होती, आपल्यापेक्षा बरे होते हो. गाणी दीड-दीड मिनिटाची, मला एक शब्द कळला नाही. कर्कश? होय, कर्कशच. मला आवडलं असं खोटं सांगणार नाही. पण मी गाण्यांपेक्षा पोरांकडेच बघत होते. समोर धक्काबुक्की चालल्यासारखी दिसते, पण कोणी पडलं की चार हात लगेच खाली येतात, उचलतात, आणि परत सुरू. एकाचा चष्मा पडला तर तेवढ्यापुरतं सगळं थांबलं. दहीहंडीचे थर बघून ज्यांना अभिमानाने भरून येतं, त्यांनी याला रानटीपणा म्हणू नये.

आणि हा हॉल ठरवणारा, साउंडवाल्याचे पैसे देणारा, बाहेरगावच्या बँडला पेट्रोलपुरते तरी मिळतील ना याची काळजी करणारा, शेवटी फरशी झाडणारा आयोजक सतरा वर्षांचा होता. आपली मुलं कॉलेजच्या अर्जात तास दाखवायला स्वयंसेवा करतात, सही-शिक्क्यासकट. त्याला कोणी प्रमाणपत्र देणार नव्हतं. ही परंपराच आहे तिथली. 'डिस्कॉर्ड' ही रेकॉर्ड कंपनी त्याच पोरांनी १९८० मध्ये काढली, पहिल्या रेकॉर्डची पाकिटं हाताने कापून, दुमडून, चिकटवून. पुढे मकायच्या 'फुगाझी' बँडने वर्षानुवर्षं तिकीट पाच डॉलरच्या आसपास ठेवलं आणि कार्यक्रम सगळ्या वयांना खुले ठेवले. मारामारी करणाऱ्याला गाणं थांबवून पैसे परत देऊन बाहेर काढायचे.

"पण हे गोऱ्यांचं आहे, आपल्या मुलांचं काय काम?" हाही प्रश्न आला होता. अहो, हा प्रकार ज्यांनी उभा केला त्यांत पहिल्या रांगेत 'बॅड ब्रेन्स', चारही जण कृष्णवर्णीय, याच वॉशिंग्टनचे. बॉस्टनच्या बाजूला 'द कोमिनाज' हा देशी पोरांचा पंक बँडही होऊन गेला.

सगळं गोड आहे असं नाही. ऐंशीच्या दशकात नाझी स्किनहेड या कार्यक्रमांत घुसून मारामाऱ्या करत. सॉल्ट लेक सिटीत नव्वदच्या दशकात स्ट्रेट एजवालेच इतके कडवे झाले की पोलिसांनी त्यांच्यातल्या काहींना टोळी मानलं. आजही काही ठिकाणी मुद्दाम लाथा-बुक्क्या मारणारे असतात. म्हणून हॉल कुठला, आयोजक कोण, हे विचाराच. आणि कानांचं तर नक्कीच बघा. शंभर डेसिबलला पंधरा मिनिटं एवढीच सुरक्षित मर्यादा इथले आरोग्य-तज्ज्ञ सांगतात. पण हा नियम ढोल-ताशालाही लागतो बरं का! आपल्या पथकात किती मुलांच्या कानात बोळे असतात?

बंदी घातली की काय होतं, ते सांगायला मानसशास्त्रज्ञ नको. पोरगं "लायब्ररीत आहे" म्हणून सांगून जातं. मग रात्री अकराला कोणी पायात अडकून पडलं, गाडी बंद पडली, एखादा मोठा माणूस नको तितका जवळ आला, तर ते तुम्हाला फोन करत नाही. कारण फोन केला तर आधी लायब्ररीचा खुलासा करावा लागतो. मला भीती वाटते ती याची.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी त्याच तळघरात पुन्हा कार्यक्रम आहे. माझ्या गाडीत तीन जागा रिकाम्या आहेत. ज्या आई-बाबांना यायचंय त्यांनी खाली लिहा. सहाला निघू, बूट बंद घाला, इअरप्लग मी आणते. फोटोवर लिहिणाऱ्या त्या काकांसाठी पुढची सीट राखून ठेवली आहे.