आधी पेन्सिल, मग मोबाईल : प्राण्यांची चित्रं, फोटो आणि आपली मुलं



'माझा आवडता प्राणी' हा निबंध आपण सगळेच घालतो. मीही दरवर्षी घालतो. वह्या तपासायला घेतल्या की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, 'कुत्रा हा इमानी प्राणी आहे.' दुसरंही ठरलेलं, 'त्याला चार पाय, दोन डोळे, दोन कान व एक शेपूट असते.' चाळीस वह्या आणि चाळीसही वह्यांत एकच कुत्रा!

एकदा मी एका मुलाला उभं केलं. त्याच्या घरी कुत्रा आहे हे मला माहीत होतं. विचारलं, "तुझ्या कुत्र्याचे कान उभे आहेत की पडलेले?" तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, घरी जाऊन बघून सांगतो."

वर्ग हसला. मला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षं ज्याच्याबरोबर मुलगा खेळतोय, त्याचे कान त्याने पाहिलेच नाहीत. त्याच्या आईच्या मोबाईलमध्ये त्याच कुत्र्याचे पन्नास-साठ फोटो असतील. म्हणजे फोटो निघाले, पण पाहणं राहूनच गेलं.

म्हणून आज थोडं स्पष्ट लिहितो. प्राण्यांची चित्रं काढणं आणि फोटो काढणं हा फक्त 'छंद' नाही. प्राण्याशी कसं वागायचं याचं ते शिक्षण आहे, आणि ते देताना मुलांच्या हातात आधी पेन्सिल द्यायला हवी. मोबाईल नंतर.

पेन्सिल काय शिकवते?

मुलांना कुत्र्याचं चित्र काढायला सांगा. बहुतेक जण मागचे पाय माणसासारखे, गुडघा पुढे असलेले, नाहीतर सरळ काठीसारखे काढतील. मग खरा कुत्रा समोर आणा. मागच्या पायाला जो सांधा मागे वळलेला दिसतो तो गुडघा नसून घोटा असतो. गुडघा वर, पोटाजवळ असतो. कुत्रा चालतो तो बोटांवर. हे मुलांना एकदा चित्र काढताना कळलं की ती आयुष्यभर विसरत नाहीत. पुस्तकातली आकृती दाखवून हे जमत नाही.

शेळीचं डोळ्यातलं बुबुळ पाहिलंय का? मधली काळी बाहुली आडवी असते. मांजराची उन्हात उभ्या फटीसारखी होते आणि अंधारात गोल. आपल्या लोणी काळभोर भागात शेळ्या, बैल, म्हशी अजून दाराशी आहेत. हडपसरच्या इमारतींमध्ये राहणाऱ्या मुलांपेक्षा आपली मुलं या बाबतीत श्रीमंत आहेत. पण ही श्रीमंती वापरायला कोणी सांगतच नाही. चित्रकलेच्या तासाला आपण फळ्यावर गोल काढून त्याला शेपूट लावून 'मांजर' करून दाखवतो, आणि मुलं तेच उतरवतात.

ज्यांनी हे काम केलं

व्यंकटेश माडगूळकर आपल्याला लेखक म्हणून माहीत आहेत. वानरांच्या टोळ्यांवरच्या 'सत्तांतर' या कादंबरीला 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ते चित्रंही काढत, हे मुलांना आपण सांगत नाही. जंगलात जाऊन जनावरांची, पाखरांची रेखाटनं करणारा हा माणूस होता. त्यांच्या लिहिण्यात प्राणी इतका जिवंत का वाटतो, याचं एक उत्तर मला तरी तिथे सापडतं. ज्याने वानराच्या बसण्याची रेघ हाताने काढली, त्याला ते बसणं शब्दांत सांगायला अडचण पडत नाही. निबंधाच्या तासाला उपयोगी पडेल अशी ही गोष्ट आहे.

दुसरं नाव मद्रासचे एम. कृष्णन यांचं. 1912 साली जन्मलेले कृष्णन चित्रं काढत, लिहीत आणि फोटोही काढत, तेही कृष्णधवल. कलकत्त्याच्या 'स्टेट्समन'मध्ये 1950 पासून 1996 साली वारले तोपर्यंत, म्हणजे 46 वर्षं त्यांचं निसर्गावरचं सदर चालू होतं. त्यात रानातला हत्ती असे, तशी अंगणातली खार आणि कावळाही असे. दारातला जीव कमी आणि जंगलातला मोठा, असा भेद त्यांनी केला नाही. आपल्या मुलांना वाघाचं फार कौतुक असतं. दारातल्या खारीच्या पाठीवर पट्टे किती, हे विचारा.

आता एक प्रश्न मुलांना जरूर टाका. आज इतके चांगले कॅमेरे असताना पक्षी ओळखायच्या पुस्तकांत अजून हाताने काढलेली चित्रं का असतात? गोव्याचे कार्ल डिसिल्वा हे असेच चित्रकार. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचं 1998 साली जे मोठं पुस्तक निघालं, त्यासाठी चित्रं काढणाऱ्यांत ते एक होते. फोटोत पक्षी त्या एका क्षणी जसा होता तसा येतो. अर्धा सावलीत, पंख मिटलेला, पाय गवतात. चित्रकार मात्र नर, मादी आणि पिल्लू शेजारी शेजारी, एकाच मापात, ओळखीच्या सगळ्या खुणांसह दाखवू शकतो. त्यासाठी त्याला तो पक्षी शेकडो वेळा पाहावा लागतो.

याचा अर्थ फोटो कमी प्रतीचा, असा मुळीच नाही. वाघ मोजायला आज कॅमेरा ट्रॅपचे फोटोच वापरतात, कारण दोन वाघांचे पट्टे कधी सारखे नसतात. ते काम चित्राने होणार नाही. दोघांची कामं वेगळी आहेत, एवढंच. पण पाहायला शिकण्याची सुरुवात पेन्सिलीने होते, हे माझं मत आहे.

कवडीपाटचा फोटो

आपल्यापैकी किती जणांनी कवडीपाट पाहिलंय? आपल्या अगदी शेजारी, मुळा-मुठेच्या जुन्या बंधाऱ्यावर थंडीच्या दिवसांत सकाळी मोठमोठ्या लेन्स घेऊन पुण्याहून माणसं येतात. आपण मात्र सोलापूर रस्त्याने रोज तिथूनच जातो आणि टोलनाक्याचं नाव म्हणून ते ओळखतो.

तिथे चक्रवाक येतात, शेकाटे येतात, धोबी पक्षी शेपटी वरखाली हलवत दगडांवरून पळतात. हळदी-कुंकू बदक दिसतं. हे नाव मुलांना सांगून बघा. चोचीचं टोक पिवळं आणि चोचीच्या मुळाशी दोन लाल ठिपके, म्हणून हळदी-कुंकू! ज्या कुणी हे नाव ठेवलं, त्याने पक्षी नीट पाहिला होता. पाणकावळा, चित्रबलाक, शेकाट्या ही सगळी नावं म्हणजे पाहिलेल्या गोष्टींची टिपणंच आहेत.

त्या फोटोंबद्दल मला एक सांगायचंय. पक्षी सुंदर, पाणी सोनेरी, मागे धूसर हिरवा रंग. फोटो बघून कुणाला वाटेल, काय स्वच्छ नदी आहे! प्रत्यक्षात जाऊन बघा. पुण्याचं सांडपाणी घेऊन येणारी नदी आहे ती. फेस असतो, जलपर्णी असते, बंधाऱ्याला अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात. पक्षी त्याच पिशव्यांच्या मधोमध उभा असतो. फोटोग्राफर चौकट घट्ट करतो आणि कचरा बाहेर राहतो.

यात फोटोग्राफरने लबाडी केली, असं मी म्हणत नाही. चौकट निवडणं हे त्याचं कामच आहे. पण मुलांना चौकटीच्या बाहेर काय आहे हे विचारायला आपण शिकवलं पाहिजे. माझ्या वर्गात मी एकाच पक्ष्याची दोन चित्रं काढायला सांगतो. एकात फक्त पक्षी. दुसऱ्यात पक्षी आणि त्याच्या आजूबाजूला जे जे आहे ते सगळं. दुसरं चित्र काढताना मुलं आपोआप गप्प होतात. "सर, एवढा कचरा काढायचा?" असंही विचारतात. काढायचा. आहे तेवढा काढायचा.

माझी चूक

आता स्वतःबद्दल. काही वर्षांपूर्वी एका माळावर मला टिटवीची अंडी दिसली. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्ये अंडी घालते. अंड्यांचा रंगही मातीखड्यांसारखाच. चार अंडी होती. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होती, आणि मी खाली वाकून फोटो काढत होतो. फोटो फार छान आला. मी तो पालकांच्या ग्रुपवर टाकला आणि जागाही लिहिली.

दोन दिवसांनी पुन्हा गेलो, तर गवतात पायवाट पडलेली होती. माझ्या फोटोमुळे पडलेली. अंडी नव्हती. कुत्र्याने खाल्ली, कावळ्याने नेली की कुणाच्या पायाखाली गेली, मला माहीत नाही. पण वाट मी दाखवली होती.

नंतर कळलं की 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत रानपक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं, त्रास देणं हेही येतं. बंदूक न उचलता माणूस शिकारी होऊ शकतो. टिटवी ओरडत होती ती मला 'जा' म्हणत होती, आणि मी ते ऐकलं नाही, कारण माझं लक्ष स्क्रीनवर होतं. हातात वही असती तर मला लांबच बसावं लागलं असतं. बसलो असतो तर तिचं ओरडणं ऐकू आलं असतं.

त्या दिवसापासून माझा एक नियम आहे. प्राणी आपल्यामुळे वागणं बदलत असेल, तर आपण फार जवळ आलोय. फोटो मिळो न मिळो, मागे व्हायचं.

घरच्या प्राण्यालाही हाच नियम

पालकहो, हे पाळीव प्राण्यांनाही लागू आहे. कुत्र्याला टोपी-चष्मा घालून, मांजराला उचलून उलटं धरून काढलेले व्हिडिओ आपण हसत हसत पुढे पाठवतो. कुत्रा सारखे ओठ चाटत असेल, कान मागे पाडून तोंड वळवत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, तर तो घाबरलेला आहे. हे मुलाला ओळखता आलं पाहिजे. त्यात कुत्र्याचं भलं आहेच, मुलाचीही सुरक्षितता आहे. खात असलेल्या कुत्र्याजवळ आणि पिल्लं घेऊन बसलेल्या कुत्रीजवळ फोटोसाठी जायचं नाही, हे स्पष्ट सांगा. फोटो काढायचाच तर जमिनीवर बसा, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर या, फ्लॅश बंद ठेवा, आणि त्याला येऊ द्या.

आणखी एक. 'माझा पाळीव पक्षी : पोपट' हा निबंध आता आपण बंद करूया. आपला हिरवा पोपट हा वन्य पक्षी आहे. त्याला पिंजऱ्यात पाळणं कायद्याने गुन्हा आहे. आपणच निबंधात त्याला पिंजऱ्यात बसवतो, विठू विठू म्हणायला लावतो, आणि मग परिसर अभ्यासात वन्यजीव वाचवा म्हणून शिकवतो. मुलांनी कशावर विश्वास ठेवायचा? पोपट झाडावरचा लिहू द्या, चित्रातही झाडावरच काढू द्या.

'याला मार्क किती?'

काही पालक विचारतील, सर, हे सगळं ठीक, पण अभ्यासक्रमाचं काय? मी त्या मुलाचं सांगतो. तो दुसऱ्या दिवशी आला आणि म्हणाला, "सर, एक कान उभा आहे, एक पडलेला. पडलेल्याला टोकाला चीर आहे. आई म्हणाली, लहान असताना दुसऱ्या कुत्र्याने चावलं होतं." मी म्हटलं, हेच लिही. त्याने पाऊण पान लिहिलं. शुद्धलेखनाच्या चुका होत्या, पण कुत्रा त्याचा होता. वर्णनात्मक लेखनाला यापेक्षा जास्त काय लागतं?

वर्गात करून पाहा

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर हा डॉ. सालिम अली यांचा. त्या आठवड्यात एवढं करा :

1. प्रत्येक मुलाने घरचा किंवा दारातला एक प्राणी निवडावा. रोज पंधरा मिनिटं लांबून बसून पाहावा. मोबाईल नाही.
2. रोज एक चित्र काढावं. खोडरबर नको. चुकलेली रेघ राहू द्यावी.
3. चित्राखाली आज नव्याने दिसलेली एक गोष्ट एका वाक्यात लिहावी.
4. सातव्या दिवशी एकच फोटो काढावा. प्राणी हलला, बिथरला तर तो फोटो बाद.
5. घरटं, अंडी, पिल्लं यांचा फोटो नाही, आणि जागा कुणाला सांगायची नाही.

आठव्या दिवशी पुन्हा 'माझा आवडता प्राणी' निबंध घाला. पहिला निबंध आणि हा निबंध शेजारी ठेवून वाचा. फरक तुम्हालाच दिसेल.

तुमच्या वर्गात काय घडलं ते जरूर कळवा. आणि तोपर्यंत, आज संध्याकाळी घरी गेल्यावर दारातल्या मांजराकडे, शेळीकडे, नाहीतर खिडकीतल्या चिमणीकडे पाच मिनिटं तुम्हीही बघा. तिचे पाय कोणत्या रंगाचे आहेत? मुलांना विचारण्याआधी हे आपल्याला सांगता यायला हवं.