‘नीडफुल’ म्हणजे नेमके काय?

गुलमंडीच्या बाजूस राहणाऱ्या एका सुशिक्षित गृहस्थांचा अर्ज नुकताच आमच्या पाहण्यात आला. गल्लीतील नळ फुटून पाणी वाहून जाते, ही तक्रार; आणि शेवटी, मराठी मजकुरातच, ‘तरी काइंडली डू द नीडफुल्स’ ही प्रार्थना. कचेरीचे उत्तर आले, ‘योग्य ती कार्यवाही केली आहे.’ चौकशीअंती कळले की अर्ज दुसऱ्या टेबलाकडे धाडला, हीच ती कार्यवाही! पाणी वाहतेच आहे. दोष एकट्या कचेरीचा, असे आम्हांस म्हणवत नाही.

प्रथम त्या परक्या शब्दास न्याय देऊ. ‘नीडफुल’ हे मुळात विशेषण. त्यामागे ‘द’ लागला म्हणजे ‘जे आवश्यक ते’ असा त्याचा नामासारखा अर्थ होतो. म्हणून त्याचे अनेकवचन होत नाही, ‘द’ गाळता येत नाही, आणि पुढे ‘ॲक्शन’ जोडण्याची गरज उरत नाही. हा प्रयोग अशुद्ध आहे, असे म्हणणारे चुकतात. इंग्लंडात तो एके काळी रूढ होता. तेथे जुना झाला, आपल्या कचेऱ्यांनी जतन केला. परंतु त्याची खरी अट व्याकरणाची नाही. काय आवश्यक आहे हे आधीच्या वाक्यात सांगितलेले असेल, तरच ‘ते करावे’ म्हणण्यास अर्थ. ती अट मोडली की उरतो तो केवळ नमस्कार.

भाषाशुद्धीचे अभिमानी म्हणतील, मराठी शब्द योजा म्हणजे झाले. शिवछत्रपतींनी राज्यव्यवहारकोश करविला, ही परंपरा आम्हांसही वंद्य आहे. पण ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे तरी काय निराळे? तीच पोकळी, केवळ धोतर नेसलेली! उलट ‘अर्ज’, ‘दाखला’, ‘जबाब’ हे शब्द बाहेरून येऊनही आमचे झाले, कारण त्यांनी नेमकी वस्तू दाखविली. शब्द कोठून आला यापेक्षा तो काही सांगतो की नाही, हा आमचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न या नगरात विशेष बोचतो. 1948 पर्यंत येथे निजामाचे राज्य होते आणि दरबारची भाषा उर्दू. ती न येणाऱ्या मराठी रयतेस आपले गाऱ्हाणे दुसऱ्याच्या लेखणीवर सोपवावे लागे. पुढे 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठीस राज्यकारभारात मान दिला. आपले मागणे आपल्या शब्दांत मांडण्याचा हक्क मिळाला. तो हक्क आम्ही आपण होऊन टाकून देत आहोत. ‘काय करावयाचे ते तुम्हीच ठरवा’ असे लिहून देणाऱ्यास, ‘आम्ही ठरविले ते केले’ या उत्तरावर रागावण्याचा अधिकार कोणता?

त्या गृहस्थांनी एवढेच लिहावयाचे होते: ‘अमुक घरासमोरील फुटलेला नळ अमुक तारखेच्या आत बदलावा व तसे आम्हांस लेखी कळवावे.’ यात इंग्रजी नाही, अलंकार नाही, आर्जवही बेताचेच. मात्र याला ‘कार्यवाही केली’ असे उत्तर देऊन कोणास सुटता येणार नाही. नळ बदलला की नाही, एवढेच सांगावे लागेल.